अंधार, उजेड आणि अवकाशयान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलेजातली चार मुले माझ्याकडे आली. ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटाची त्यांना भारी गोडी. त्याच दुनियेतली दहा मिनिटांची एक गोष्ट त्यांना मोबाईलवर चित्रित करायची होती. कमाईसाठी नव्हे, निव्वळ हौसेने. अशा चित्रपटाला ‘फॅन फिल्म’ म्हणतात. त्यांनी विचारले, “सर, अवकाशयानातला उजेड कसा दाखवावा?” मी पटकन बोलून गेलो, “बाबांनो, ही कामे पैसेवाल्यांची!” मुले गप्प उठून गेली. चित्रपट काही निघाला नाही.

मी इतिहासाचा शिक्षक. पण माझे ते उत्तर इतिहासाला धरून नव्हते. त्या मुलांना जे सांगायला हवे होते, ते आज तुम्हांला सांगतो.

फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा जादूगार होता. १८९७ साली त्याने पॅरिसजवळ मोंत्रई येथे काचेच्या भिंतींचा आणि काचेच्या छपराचा स्टुडिओ बांधला. कशासाठी? त्याचा मोठा दिवा म्हणजे सूर्य! त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळा उमटे. म्हणून त्याने देखाव्यांचे पडदे करड्या छटांत रंगवले. १९०२ साली चंद्रावरच्या सफरीचा त्याचा चित्रपट निघाला, तो एखादे रंगवलेले चित्र हालू लागावे तसा दिसतो. साधनांची अडचण होती. तिचीच त्याने शैली केली.

पुढे १९६५ साली त्याच देशात गोदार या दिग्दर्शकाने ‘आल्फाव्हिल’ काढला. गोष्ट परक्या ग्रहमालेतल्या नगरीची. पण त्याने एकही नगरी उभारली नाही. पॅरिसमधल्या नव्या काचेच्या इमारती, जिने, लांबच लांब बोळ, हे सारे रात्री, तिथल्याच दिव्यांच्या उजेडात टिपले. रंग नाही, काळे-पांढरे. रोजचेच शहर, पण ओळखू येईना.

आता अंधाराचे पाहा. १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’ला पैशांची वाण नव्हती. तरी त्यातले रस्ते स्टुडिओच्या आवारातले जुनेच होते. दिग्दर्शक रिडली स्कॉटने रात्र, पाऊस आणि धूर यांच्या आड त्यांचे नकलीपण लपवले. दिवे माणसांच्या पाठीमागून लावले. त्यामुळे कडा तेवढ्या उजळतात आणि बाकीचे आपले मनच भरून काढते. धुरात उजेडाचा पट्टा दिसतो तो कसा, हे तुम्हांला सांगायला नको. चुलीच्या धुरात काचेच्या कौलातून उतरलेला कवडसा कोणी पाहिला नाही?

आणि खुद्द फॅन फिल्मचाच दाखला हवा? १९९७ साली केव्हिन रुबिओने ‘ट्रूप्स’ हा लहानसा चित्रपट केला. पांढऱ्या चिलखतातले ‘स्टार वॉर्स’चे शिपाई त्यात वाळवंटात गस्त घालतात; पण चित्रण मात्र अमेरिकन टीव्हीवरच्या पोलिसांच्या कार्यक्रमासारखे! कॅमेरा हातात, किंचित हालता. डोक्यावर रखरखीत ऊन. पाहणाऱ्याला ते खरे वाटते, आणि म्हणूनच हसू येते. इथे शैली आधी ठरली. उजेड तिच्या मागोमाग आला.

सांगायचे ते एवढेच की, उजेड किती आहे यावर सारे अवलंबून नसते. गोष्टीला कोणता उजेड शोभतो, हे ठरवावे लागते. एकदा ठरले की शेवटपर्यंत तोच धरून राहावा. एका प्रसंगात टीव्हीच्या बातमीसारखे ऊन आणि दुसऱ्यात धुराचा अंधार, असे केले की पाहणाऱ्याचा विश्वास उडतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या तुमच्या वर्गातली पोरे असा काही हट्ट घेऊन आली, तर पैशांचा हिशेब आधी विचारू नका. त्यांना विचारा, “गावात संध्याकाळी उजेड कुठून येतो? शाळेच्या व्हरांड्यात दुपारी सावली कशी पडते?” ती बघायला धावतील. माझ्या चार मुलांना मी एवढेच विचारायला हवे होते.