गारगोटीची धूळ

धार आणि देवास ही नावे उच्चारताच मराठी वाचकास पवारांच्या गाद्या आठवतात. ती संस्थाने १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाली. पुढे देवासला नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आला आणि धार जिल्ह्यातील पीथमपूरला मोठी उद्योगनगरी वसली. पण त्याच जिल्ह्यातील डोंगराळ भागातला भिल्ल वा भिलाला मजूर पोटासाठी गेला तो गुजरातेत, गोध्रा-बालासिनोरच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत.

तेथे गारगोटीचे पीठ करावयाचे आणि पोती भरावयाची. काच व चिनी मातीच्या धंद्यास ते लागते. हवेत तरंगणारे त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसात रुततात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. धार, झाबुआ, अलीराजपूरचे कित्येक तरुण काही महिन्यांच्या मजुरीनंतर धाप घेऊनच घरी परतले. पुष्कळांना क्षयरोगी समजून औषधे देण्यात आली.

हा रोग काही नवा नव्हता. १९३०-३१ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्टचा बोगदा युनियन कार्बाइडच्या एका उपकंपनीसाठी खोदला गेला. पाणी मारून छिद्रे पाडली असती तर धूळ बसली असती. हा उपाय तेव्हाही ठाऊक होता. पण आतले बहुसंख्य मजूर कृष्णवर्णीय, परगावचे आणि मंदीने नाडलेले होते. १९३६ च्या संसदीय चौकशीत मृतांचा आकडा ४७६ सांगितला गेला. मार्टिन चेर्निअॅक यांनी १९८६ मध्ये तो ७६४ च्या घरात नेला. याच कंपनीच्या भोपाळमधील कारखान्यातून १९८४ मध्ये विषारी वायू सुटला, आणि तेथे उरलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये जाळण्यात आला तो पीथमपूरला. हा योगायोग म्हणावा, तर फार क्रूर योगायोग आहे.

कारखानेविषयक कायद्यात सिलिकोसिसची नोंद पूर्वीपासून आहे. परंतु भरपाई मागणाऱ्याने आपण कोठे राबलो हे सिद्ध करावयाचे असते, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर ज्याचे नावच नाही त्याने कोणता कागद दाखवावा? छातीतली धूळ हाच त्याचा पुरावा. २००६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये मृत २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. ते पैसे द्यावेत असा न्यायालयाचा आदेश निघाला ४ मे २०१६ रोजी. तोवर कित्येक घरांतील मुले बापावाचून मोठी झाली होती.

त्याच वर्षी दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात २१ प्रकार गणले आहेत. आदिवासींत पुष्कळ आढळणाऱ्या सिकल सेल आजाराला त्यात स्थान मिळाले, हे चांगलेच झाले. पण चार पावले चालताच ज्याला बसावे लागते त्या सिलिकोसिसग्रस्ताच्या रोगाचे नाव त्या यादीत आले नाही.