जलचिन्हांचा अभ्यास

जलचिन्ह म्हणजे हातकागद तयार होत असतानाच त्याच्या अंगात उमटलेली व कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणारी फिकट आकृती होय. जुनी हस्तलिखिते, छापील ग्रंथ, रेखाचित्रे आणि संगीताच्या स्वरलिपी यांच्या कागदांतील अशा आकृतींची नोंद व तुलना करून त्या कागदाचा काळ आणि उगम ठरविणे, हा या अभ्यासाचा विषय आहे. ज्या लेखनावर तारीख नाही, किंवा जिच्याविषयी शंका आहे अशी तारीख आहे, तेथे जलचिन्ह हा बहुधा सर्वांत नि:पक्षपाती साक्षीदार ठरतो. कारण लेखकाने किंवा मुद्रकाने काहीही लिहिले तरी कागद कोणत्या साच्यातून निघाला हे त्याला बदलता येत नाही.

निर्मिती

युरोपात चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करीत. लाकडी चौकटीत तारांची जाळी बसविलेला साचा लगद्याच्या हौदात बुडवून वर उचलला की पाणी निथळून जाई व जाळीवर लगद्याचा पातळ थर राही. जाळीच्या जवळजवळ बसविलेल्या बारीक तारांमुळे कागदावर दाट समांतर रेषा उमटतात. या तारा ज्यांना बांधलेल्या असत त्या आडव्या तारांमुळे साधारण दोन ते तीन सेंटीमीटर अंतरावर ‘साखळी-रेषा’ उमटतात. जाळीवर तार वाकवून शिवलेली आकृती असेल, तर त्या जागी थर पातळ राहतो आणि तेथून उजेड अधिक येतो. हेच जलचिन्ह. ही पद्धत इटलीत सुरू झाली आणि सर्वांत जुने ज्ञात जलचिन्ह १२८२ सालचे मानले जाते. बैलाचे डोके, नांगर, मुकुट, सुरई, हात, द्राक्षांचा घड अशा आकृती शतकानुशतके वापरात होत्या. भारतातील शाळा-कचेऱ्यांत रुळलेला ‘फुलस्कॅप’ हा शब्दही मुळात विदूषकाच्या टोपीच्या जलचिन्हावरून आला. ते कागदाच्या मापाचे नाव पुढे झाले.

कालनिर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, एका हौदावर दोन साचे आळीपाळीने वापरीत. त्यामुळे एकाच गठ्ठ्यातील कागदांत एकमेकींसारख्या पण तंतोतंत सारख्या नसलेल्या दोन आकृती आढळतात. अमेरिकन अभ्यासक ॲलन स्टीव्हन्सन यांनी त्यांना ‘जुळी’ म्हटले. वापराने तार वाकते, सरकते, तिचा टाका तुटतो, ती पुन्हा शिवली जाते आणि थोड्याच काळात साचा निकामी होतो. म्हणजे केवळ ‘बैलाचे डोके आहे’ एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही; तेच डोके, त्याच साखळी-रेषांपासून त्याच अंतरावर, त्याच झिजलेल्या अवस्थेत सापडले पाहिजे. नवशिक्या अभ्यासकाची चूक बहुधा येथेच होते.

संग्रह व सूची

जिनिव्हाचे शार्ल-मोईझ ब्रीके यांनी १९०७ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या कोशात १२८२ ते १६०० या काळातील सोळा हजारांहून अधिक आकृती हाताने उतरवून दिल्या आहेत. जर्मनीत गेरहार्ड पिकार्ड यांनी याहून कितीतरी मोठा संग्रह केला. तो श्टुटगार्टच्या पुराभिलेखागारात असून आता संगणकावरही पाहता येतो. हाताने उतरविलेल्या रेखाटनात मिलिमीटरचाही फरक घातक ठरतो, म्हणून पुढे छायाचित्रण आले. मजकुराची शाई आड येऊ नये यासाठी किरणोत्सारी कार्बनच्या पत्र्यातून निघणाऱ्या बीटा किरणांनी, तसेच मृदू क्ष-किरणांनी चित्र घेतात. त्यात शाई जवळपास नाहीशी होऊन कागदाची जाडी तेवढी दिसते.

गाजलेली उदाहरणे

‘मिसाले स्पेसियाले’ या प्रार्थनाग्रंथावर तारीख नाही. त्याची अक्षरे पाहून काही विद्वानांनी तो गुटेनबर्गच्या बायबलच्याही आधीचा, म्हणजे युरोपातील पहिला छापील ग्रंथ, असे ठरविले होते. स्टीव्हन्सन यांनी त्याची जलचिन्हे बाझल येथील दिनांकित ग्रंथांतील जलचिन्हांशी झिजेच्या पातळीपर्यंत ताडून पाहिली आणि तो १४७३ च्या सुमाराचा असल्याचे १९६७ मध्ये दाखवून दिले. अर्धशतकाहून अधिक काळ चाललेला वाद त्यामुळे मिटला.

त्याआधी १९०८ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी शेक्सपिअरच्या नावाने निघालेल्या काही नाटकांच्या पुस्तिकांवर १६००, १६०८, १६१९ अशी वेगवेगळी वर्षे असूनही त्यांत एकच संमिश्र कागदसाठा वापरलेला आहे हे दाखविले. त्या सर्व १६१९ मध्येच छापल्या गेल्या होत्या आणि काहींवर जुनी वर्षे खोटीच घातली होती.

मोत्सार्टच्या हस्तलिखितांचा कागद तपासून ॲलन टायसन यांनी अनेक रचनांचे काळ बदलले. शिंगवाद्यासाठीची ‘पहिली’ समजली जाणारी रचना प्रत्यक्षात १७९१ ची, म्हणजे मृत्यूच्या वर्षाची, निघाली. रेम्ब्राँच्या कोरीव चित्रांबाबत प्रश्न निराळा असतो. धातूचे ठसे त्याच्या मृत्यूनंतरही छापले जात होते, तेव्हा हाती असलेली प्रत त्याच्या हयातीतील आहे की नंतरची, हे कागद सांगतो. मात्र त्याने जपानी कागदावर काढलेल्या प्रतींत जलचिन्ह नसते, आणि पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या चित्रांत ते दिसत नाही.

मर्यादा

जलचिन्ह कागदाचा काळ सांगते, लेखनाचा नाही. कोरा कागद वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस शेक्सपिअरची बनावट कागदपत्रे करणाऱ्या विल्यम हेन्री आयर्लंडने एलिझाबेथकाळात सुरईचे जलचिन्ह प्रचलित होते असे कळताच तशी जुनी पानेच निवडून वापरली होती. म्हणून जलचिन्हाने खोटे पकडता येते. खरेपणा मात्र एकट्या त्याच्या बळावर सिद्ध होत नाही.

भारतीय संदर्भ

भारतातील पारंपरिक कागद गवताच्या काड्यांच्या चटईवर करीत; जुन्नर आणि दौलताबादजवळील कागजीपुरा ही महाराष्ट्रातील अशा कागदाची प्रसिद्ध केंद्रे. त्यात तारेची आकृती नसल्याने जलचिन्ह आढळत नाही, केवळ चटईच्या रेषा दिसतात. युरोपीय कागद आल्यावर चित्र बदलले. १७९४ च्या ब्रिटिश कायद्याने निर्यात कागदावरील करपरतावा मिळण्यासाठी जलचिन्हात वर्ष घालणे आवश्यक झाले. त्यामुळे कंपनीकाळातील कागदावर आणि एकोणिसाव्या शतकातील मोडी दफ्तरांत असे वर्ष पुष्कळदा वाचता येते. काही कारखाने तेच वर्ष पुढेही काही काळ वापरीत राहिले, हे लक्षात ठेवावे लागते; तथापि पेशवाईतील म्हणून पुढे केलेल्या पत्राच्या कागदात १८३० हे वर्ष दिसले, तर ते मूळ पत्र नव्हे. ती फार तर नंतर केलेली नक्कल असू शकते, आणि नक्कल म्हणून तिचे मोल वेगळे तपासावे लागते.