दातांच्या नावावर मांडलेले मृत्यू

सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजांचा शल्यवैद्य असलेल्या आंब्रुआझ पारेने एका शवविच्छेदनाची हकीकत लिहून ठेवली आहे. एका ड्यूकचे आठ महिन्यांचे मूल दगावले होते आणि मृत्यूचे कारण सापडत नव्हते. पारेने हिरड्या चाचपल्या, तर त्या कठीण आणि सुजलेल्या लागल्या. सुरीने चिरल्यावर आत दात वर येण्याच्या तयारीत दिसले. जमलेल्या वैद्यांनी निदान केले की हिरडी दाताला वाट देईना म्हणून मूल गेले. जिवंतपणी चीर दिली असती तर वाचले असते. आज हे वाचताना एक गोष्ट लगेच खटकते. आठ महिन्यांच्या कोणत्याही बाळाची हिरडी उघडली, तर आत दात सापडणारच. खेळत्या, हसत्या बाळाच्याही सापडतील. पण त्या खोलीत तुलनेला निरोगी बाळ नव्हते, आणि पुढची तीनशे वर्षे युरोपातल्या वैद्यकाने ती तुलना गंभीरपणे केली नाही. माझ्या मते या निदानाचे सारे बळ त्या न केलेल्या तुलनेत होते.

दुधाचे वीस दात साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत येत राहतात, म्हणजे या वयात एखादा तरी दात वाटेवर असतोच. नेमक्या याच काळात बाळ अंगावरून सुटते, वरचे दूध आणि अन्न सुरू होते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते. ते रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये भेसळीचे, नासके दूध आणि धड धुता न येणाऱ्या लांब नळीच्या बाटल्या यांची त्यात भर पडली. जुलाब, ताप, आकडी सगळे याच वयात गाठणार. आणि आईने तोंड उघडून दाखवले की हिरडी फुगलेली दिसणार. मग डॉक्टरला पुढे शोधायचे काही उरत नसे.

उपाय ठरलेला होता. कासवाच्या पाठीची किंवा हस्तिदंती मूठ असलेले छोटे नस्तर हिरडीवर ठेवायचे आणि पाते दातावर करकरेपर्यंत खोल, आडवी-उभी चीर द्यायची. भूल नाही, पाते उकळण्याची पद्धत नाही. जॉन हंटर हा अठराव्या शतकातला मोठा शरीरशास्त्रज्ञ. त्याने एकाच दातावर दहाहून अधिक वेळा चीर दिल्याचे आणि दर वेळी लक्षणे गेल्याचे लिहिले आहे. लक्षणे दहादा परत आली, या बाजूने त्याने पाहिले नाही. प्रतिक्षिप्त क्रियांवरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेला मार्शल हॉल याने तर एक आवश्यक चीर चुकवण्यापेक्षा १९९ अनावश्यक चिरा देणे पत्करू, असे म्हटले. हिरडीतली चेतना मज्जारज्जूमार्गे फिरून आकडी आणते, या त्याच्या उपपत्तीमुळे जुन्या समजुतीला नव्या शास्त्राचा आधार मिळाला. मला हा भाग सर्वांत क्लेशदायक वाटतो, कारण ही माणसे अडाणी नव्हती.

इंग्लंडमध्ये १८३७ पासून मृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली आणि हे निदान आकड्यांत शिरले. १८३९ साली इंग्लंड-वेल्समध्ये ५,०१६ मृत्यू ‘दात येणे’ या कारणाखाली मांडले गेले. पुढच्या डॉक्टरला हेच आकडे पुरावा वाटले; प्रत्यक्षात ते आधीच्या डॉक्टरांच्या मतांची बेरीज होते. १९१० मध्येही ही संख्या सुमारे १,६०० होती.

त्या काळी जंतू ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांना दोष कसा द्यायचा, असे कोणी विचारेल. विचारणे रास्त आहे. पण चूक ओळखायला जंतूंचे ज्ञान लागत नव्हते. लंडनमध्ये १७६९ साली गरीब मुलांसाठी दवाखाना काढणारा जॉर्ज आर्मस्ट्राँग जंतूंच्या ज्ञानाविना अशी शंका घेऊ शकला, की दात येण्याच्या वयात झालेला मृत्यू दातांमुळेच झाला असे धरले जाते. आपल्याकडे वाग्भटानेही अष्टांगहृदयात दात येणे हे सर्व रोगांचे कारण मानले. पण त्याच ग्रंथात त्याने बजावले की या दुखण्यांत बाळाला उपचारांनी फार जखडू नये, दात आल्यावर ती आपोआप शमतात. निदान तेच, पण हात आवरलेला. बाळाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता.

नस्तर मागे पडले तेव्हा निदान मेले नाही. त्याची जागा पुड्यांनी घेतली. इंग्रजी भाषक देशांत घरोघरी मिळणाऱ्या या ‘दाताच्या पुड्यां’मध्ये कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे क्लोरीनयुक्त संयुग असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळांमध्ये एक गूढ आजार दिसे: हातपाय गुलाबी होऊन सोलवटणे, उजेड सहन न होणे, अखंड किरकिर, लाळ, सुजलेल्या हिरड्या, हलून पडणारे दात. कोणी विषाणूचा संशय घेतला, कोणी जीवनसत्त्वाच्या अभावाचा. सिनसिनाटीच्या वार्कनी आणि हबर्ड यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा असल्याचे १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. पुडी घेणाऱ्या अनेकांना काहीच होत नाही, असा आक्षेप आला. पण ब्रिटनमध्ये १९५४ च्या सुमारास उत्पादकांनी पुड्यांतून पारा काढला आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. लाळ गळते, हिरडी सुजते, बाळ रडते म्हणून पुडी दिली जाई, आणि पारा हीच लक्षणे वाढवी. मग आणखी पुडी. निदान स्वतःचा पुरावा स्वतः तयार करत होते.

पारेच्या खोलीत न झालेली ती तुलना पुढे झाली. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी २००० साली १२५ बाळांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. दात वर येण्याच्या आसपासच्या काही दिवसांत चावणे, लाळ, हिरड्या चोळणे, चिडचिड, किंचित वाढलेले तापमान अशी सौम्य लक्षणेच थोडी अधिक आढळली. मोठा ताप, उलट्या, वाढलेले जुलाब यांचा दात येण्याशी संबंध दिसला नाही. मराठी घरांत आजही हिरडीला डिकेमाली चोळतात, ‘दाताच्या गोळ्या’ देतात, आणि जुलाब लागले की “दात येताहेत” म्हणून थांबतात. गोळीने काही अपाय होत नाही, असे आजी म्हणते. नुकसान होते ते थांबण्याने: आठ महिन्यांच्या बाळाच्या अंगातले पाणी काही तासांत कमी होऊ शकते. तोंड कोरडे, टाळू खोल गेलेली, लघवी घटलेली दिसली, तर हिरडी कितीही फुगलेली असो, जलसंजीवनी देत त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवे.