तीनशेचे साडेचारशे

अंबरनाथच्या माणसाने इतिहासावर काही लिहायचे म्हटले की तो शिवमंदिरावरच लिहिणार, असे वाचक धरूनच चालतात. त्यात चूक काही नाही. वालधुनीच्या काठावरचे हे मंदिर नेमके कधीचे, हा प्रश्न तिथल्याच एका शिलालेखाने सोडवला : शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, शिलाहार राजा मम्वाणीचा काळ. तो दगड नसता तर आपण आजही शिल्पांच्या शैलीवरून अंदाज बांधत बसलो असतो. मी मात्र या खेपेस ज्या लेखाचा आधार घेणार आहे तो दगडावरचा नाही. तो एका हिरव्या पाटीवर पांढऱ्या शाईने छापलेला आहे आणि त्याचे वय जेमतेम पाव शतक. माझ्या माळ्यावरच्या एका जुन्या मदरबोर्डच्या कडेला आकड्यांचा छोटा तक्ता आहे : ६६, ७५, ८३, १००. प्रत्येक आकड्यापुढे कोणत्या दोन पिनांवर जंपर बसवायचा याची खूण. संगणक किती वेगाने चालवायचा हे एकेकाळी विकत घेणारा ठरवू शकत होता, याचा हा पुरावा.

प्रोसेसर ज्या वेगाने चालवावा असे कंपनी सांगते, त्याहून जास्त वेगाने तो चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. बोलताना लोक प्रोसेसरचेच नाव घेतात, पण हा कारभार मुळात मदरबोर्डचा. ठोके मदरबोर्ड देतो, वीज मदरबोर्ड देतो, आणि या दोन्हींत फेरफार करू द्यायचा की नाही हेही मदरबोर्डच ठरवतो.

१९८१ सालच्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ होता. हा विचित्र आकडा आला कुठून? अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या संकेताशी जुळणारा १४.३१८ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक बोर्डावर होता. त्याला तीनने भागले की ४.७७. एकाच स्फटिकात पडदाही भागला आणि प्रोसेसरही. १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये प्रोसेसरचा स्फटिक वेगळा होता, १२ मेगाहर्ट्‌झचा, आणि त्याच्या निम्म्या म्हणजे ६ मेगाहर्ट्‌झ वेगाने यंत्र चाले. लोकांनी तो उपटून १६ चा बसवला आणि ८ मेगाहर्ट्‌झ मिळवले. काही डॉलरांचा स्फटिक, वेगात एक तृतीयांश वाढ. आयबीएमने पुढच्या बायॉसमध्ये तपासणीच घातली : सुरू होताना यंत्र स्वतःचा वेग मोजी आणि तो जास्त आढळला तर अडून बसे. मुभा आणि कुलूप यांचा जन्म असा एकाच यंत्रावर झाला. पुढची चाळीस वर्षे म्हणजे याच भांडणाच्या आवृत्त्या आहेत, असे माझे मत आहे.

२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने बाजारात आणलेल्या प्रोसेसरांपैकी दोन पाहा. पेंटियम टू ४५० मेगाहर्ट्‌झ, किंमत ६६९ डॉलर. आणि सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर. स्वस्त सेलेरॉनमध्ये कॅश फक्त १२८ केबी होती, पण ती प्रोसेसरच्या चिपवरच आणि पूर्ण वेगाने धावणारी. महागड्या पेंटियममध्ये ५१२ केबी, पण निम्म्या वेगाने. सेलेरॉनचा गुणक ४.५ ला पक्का केलेला होता : ६६ च्या बसला साडेचारने गुणले की ३००. आता बस १०० केली तर? साडेचारशे.

इथे मदरबोर्डचा एक गुण समजून घेतला पाहिजे, कारण सारी गंमत त्यात आहे. बसचा वेग वाढवला की तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या वाटांचाही वाढतो. पीसीआय ही वाट ३३ मेगाहर्ट्‌झची. बस ६६ असेल तर बोर्ड तिला दोनाने भागतो, १०० असेल तर तीनाने. उत्तर दोन्ही वेळा ३३. त्या वर्षी आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटवर १०० चा वेग अधिकृतच होता. त्यामुळे ६६ वरून थेट १०० वर उडी मारली तर प्रोसेसर सोडून बाकी कुणाला पत्ताच लागत नसे. मधल्या पायरीवर थांबले तर मात्र घोटाळा. ८३ ला दोनाने भागले की साडेएकेचाळीस, आणि हार्ड डिस्कचे नियंत्रण त्याच वाटेवर.

हा घोटाळा मी पुस्तकात वाचलेला नाही. १९९९ साली मी आणि माझा एक वर्गमित्र लॅमिंग्टन रोडला गेलो. अंबरनाथहून दादर, गाडी बदलून ग्रँट रोड, आणि परतताना मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोर्ड. डोंबिवलीपर्यंत कुणी धक्का मारू नये म्हणून दोघांनी कोपरांची भिंत केलेली. बोर्ड बीएक्सचाच, पण स्वस्तातला. वर सांगितलेला तक्ता त्याच्यावरचा. १०० वर जंपर टाकला तर पडदा काळा. ८३ वर टाकला तर ३७४ मेगाहर्ट्‌झने यंत्र सुरळीत सुरू झाले, आणि आम्ही चहा प्यायला गेलो. चार दिवसांनी माझ्या एम. ए.च्या प्रबंधिकेची दोन प्रकरणे डिस्कवरून नाहीशी झाली. फाइलचे नाव होते, आत चौकोनांची रांगोळी. शिलाहारांचे ताम्रपट नऊशे वर्षे टिकतात आणि त्यांच्यावरची दोन प्रकरणे चार दिवस टिकत नाहीत, असे वडील म्हणाले. ते खरेच होते.

आमच्या प्रोसेसरला १०० वर चालण्यासाठी थोडी जास्त वीज हवी होती, २.० ऐवजी २.२ व्होल्ट. आमच्या बोर्डावर तशी सोयच नव्हती. प्रोसेसर स्वतः बोर्डाला सांगतो की मला इतके व्होल्ट दे, आणि बोर्ड निमूटपणे देतो. यावर जगभरच्या पोरांनी उपाय काढला होता तो चिकटपट्टीचा : प्रोसेसरच्या कडेच्या ठरावीक पट्ट्या झाकायच्या, म्हणजे बोर्डाला वेगळाच आकडा ऐकू जातो. माझा हात तितका स्थिर नाही.

मग वर्षभराने एकाने दुसऱ्या हाताचा आबिट बीएच६ दिला. आबिट ही तैवानची कंपनी. जंपर काढून टाकून बस, गुणक आणि व्होल्ट हे तिन्ही बायॉसच्या पडद्यावर आणण्याचे काम तिने सर्वांआधी मनावर घेतले. त्या सोयीला ती सॉफ्टमेन्यू म्हणे. कॅबिनेट न उघडता, पेचकस न लावता, बाणाच्या कळांनी १०० निवडायचे, २.२ निवडायचे आणि बाहेर पडायचे. प्रोसेसर तोच, पंखा तोच, घर तेच. पडद्यावर ४५० उमटले. यंत्राची कुवत कागदावर काय लिहिली आहे यावर नसते, ती वापरू देणारा बोर्ड कोणता यावर असते, हे मला त्या रात्री कळले.

किंमत मोजावी लागतेच. चिपमधली उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट, व्होल्ट १.१ पट, म्हणजे १.५ गुणिले १.२१, उष्णता जवळजवळ १.८ पट. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात पारा चाळिशी गाठतो. परदेशी मासिके खोलीचे तापमान पंचवीस धरून सल्ले देत. मी उन्हाळ्यात कॅबिनेटची एक बाजू काढून समोर टेबलफॅन लावत असे आणि गुढीपाडव्यापासून पहिल्या पावसापर्यंत यंत्र मुकाट्याने तीनशेवर आणत असे. पावसात पुन्हा साडेचारशे. ऋतुमानाप्रमाणे वेग बदलणारा संगणक कंपनीच्या स्वप्नातही नसेल.

उष्णतेचा खरा मार प्रोसेसरच्या शेजारच्या भागावर बसतो. वीजपुरवठ्यातून येणारे व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या दोन-सव्वा व्होल्टपर्यंत उतरवणारा जो विभाग, त्याला व्हीआरएम म्हणतात. मॉसफेट, तारेची वेटोळी आणि कपॅसिटर यांची ती रांग. पुढे त्याचे फेज वाढत गेले, म्हणजे एकाच्या डोक्यावरचा भार चारआठ जणांत वाटला गेला. बोर्ड चांगला की वाईट हे ओळखायचे तर आजही आधी इथेच पाहावे. खोक्यावरची चित्रे नंतर. २००० नंतरच्या काही वर्षांत तैवानच्या कारखान्यांतले सदोष द्रावणाचे कपॅसिटर जगभर गेले. ते वर्ष-दोन वर्षांत फुगत, डोक्यावरची फुली फाटून तपकिरी रस बाहेर येई. त्यात आबिटसकट अनेक कंपन्यांचे बोर्ड सापडले. मग घन पॉलिमरचे कपॅसिटर आले आणि ही साथ ओसरली.

माझाही बोर्ड फुगला, पण बराच उशिरा. तो मी उल्हासनगरला नेला. १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि सगळे मागे टाकून आलेल्या माणसांनी जे हाताला लागेल ते बनवायला आणि दुरुस्त करायला घेतले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आपण सगळ्यांनी केला आहे. विनोद करणाऱ्यांनी तिथे बसून कुणाला सोल्डरिंग करताना पाहिलेले नसावे. ज्यांच्याकडे मी गेलो त्या काकांचे दुकान जिन्याखाली, रुंदी दोन हातांची. त्यांनी आठ कपॅसिटर काढले, आठ घातले.

इकडे कुलपे घडतच होती. गुणक पक्का करण्याचे कारण इंटेलने सांगितले ते असे, की कमी वेगाच्या चिपवर जास्तीचा आकडा छापून विकणारे भामटे वाढले आहेत. कारण खोटे नव्हते. पण भामट्याबरोबर पोरेही कुलपाबाहेर राहिली. एएमडीच्या प्रोसेसरवर २००० साली हे कुलूप पेन्सिलीने उघडत असे : वरच्या तुटक जोडण्या शिशाने रेघ ओढून जोडायच्या, शिसे वीज वाहते, गुणक मोकळा. शाळेतल्या कंपासपेटीची इतकी किंमत पुन्हा कधी झाली नाही.

जानेवारी २०११ मध्ये इंटेलने जी रचना आणली तिच्यात सर्व वाटा एकाच १०० च्या ठोक्याला बांधल्या. तो ठोका चार-पाच टक्के हलवला तरी बाकीचे कोलमडे. म्हणजे माझ्या ६६ ते १०० च्या उडीची वाटच बुजली. गुणक मोकळा हवा तर नावात ‘के’ असलेला महाग प्रोसेसर घ्या, आणि त्याला पी६७ चा किंवा पुढे ‘झेड’ मालिकेचा बोर्ड घ्या. एच६७ वर ‘के’ बसवला तरी उपयोग नाही. स्वस्त वस्तूतून जास्त काढण्याची युक्ती होती, तिचा आता महाग वस्तूचा दागिना झाला. बोर्ड बनवणाऱ्यांनी अधूनमधून बंड केले. २०१५ च्या अखेरीस ॲसरॉकसारख्यांनी ‘के’ नसलेल्या प्रोसेसरचाही ठोका वाढवू देणारे बायॉस काढले. काही आठवड्यांत नव्या बायॉसने ती सोय गेली. एएमडीने २०१७ मध्ये रायझनचे सगळे गुणक मोकळे ठेवले आणि मधल्या किमतीच्या बी३५० बोर्डावरही मुभा दिली, म्हणून स्पर्धा नावाची गोष्ट उरली.

आता तर प्रकार उलटाच झाला आहे. प्रोसेसर स्वतःच, उष्णता आणि वीज पाहून, आपला वेग क्षणोक्षणी वाढवतो. अंगात दडवलेले असे फारसे उरत नाही. शिवाय अनेक बोर्ड वीजमर्यादा मूळ बसवणीतच सैल करून पाठवत, कारण परीक्षणात दोन टक्क्यांनी पुढे दिसावे. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले तेव्हा पहिला संशय याच सैल बसवणीवर गेला आणि इंटेलने बोर्डवाल्यांना स्वतःच्या मर्यादा लावायला सांगितले. पुढे उघड झाले की प्रोसेसरचा मायक्रोकोडच गरजेपेक्षा जास्त व्होल्ट मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. ज्यांचे प्रोसेसर बिघडले त्यांतल्या कित्येकांनी बायॉसचा पडदा कधी उघडलाही नव्हता. १९९९ मध्ये माझी दोन प्रकरणे गेली ती माझ्या हाताने टाकलेल्या जंपरमुळे. जंपर परत ६६ वर आणणेही माझ्याच हातात होते.

कपॅसिटर बदलून झाल्यावर काकांनी बीएच६ टेबलावर उघडाच ठेवून चालू केला. बायॉसची बॅटरी मेलेली, त्यामुळे त्याने सगळे विसरून तीनशे दाखवले. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “राहू द्यायचा तीनशेवर? जुना आहे, शांतपणे चालेल.”

दुकानात पंखा चालू होता. बाहेर श्रावण.

“शंभर करा,” मी म्हणालो, “आणि व्होल्ट दोन पॉइंट दोन.”