आठांची सात वर्षे : अमेरिकेतील ऑस्टिओपॅथी आणि पदवीची पायरी

१८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तिच्यातील एका तपशिलाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आनंदीबाईंपाशी बी. ए.ची पदवी नव्हती, आणि ती कोणी त्यांच्याकडे मागितलीही नाही. आज त्याच देशात वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आधी चार वर्षे कॉलेजात काढून पदवी घ्यावी आणि मग पुढली चार वर्षे वैद्यकात घालवावीत, अशी रीत आहे. ही आठ वर्षे सातांवर आणणाऱ्या ज्या जोड-पदवीच्या योजना निघाल्या, त्यांपैकी ऑस्टिओपॅथी या पंथाच्या योजनांचा पूर्वेतिहास आम्हांला येथे सांगावयाचा आहे. तो मोठा उद्बोधक आहे. कारण ज्या पंथाच्या संस्थापकापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, त्या पंथाला आपले स्थान मिळविण्यासाठी पदवीचीच पायरी चढावी लागली.

अँड्र्यू टेलर स्टिल हा १८२८ साली व्हर्जिनियात जन्मला. बाप मेथॉडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्यही. मुलगा वैद्यकी शिकला ती बापाच्या हाताखाली, आपल्याकडे वैद्याच्या घरी मुलगा शिके तशीच. १८६४ च्या वसंतात मेंदूज्वराच्या साथीत त्याच्या घरची तीन मुले गेली. औषधे होती, डॉक्टर होते, उपाय चालला नाही. त्या काळची औषधे म्हणजे पारा, अफू आणि दारू. त्यांवरचा त्याचा विश्वास उडाला यात नवल नाही. शरीराची हाडे, सांधे, स्नायू जागच्या जागी असले, रक्ताचा ओघ मोकळा असला, तर शरीर स्वतःच रोगाचा प्रतिकार करते, असा सिद्धांत त्याने बांधला आणि १८७४ च्या जून महिन्यात तो जाहीर केला. कॅन्ससमधील बेकर विद्यापीठासाठी त्याच्या कुटुंबाने जमीन दिली होती. पण आपले मत तेथे मांडण्याची परवानगी मात्र स्टिलला मिळाली नाही. विद्यापीठाने दार लावले, ते बहुधा कायमचे, असेच तेव्हा कोणालाही वाटले असते. पुढे काही वर्षे तो गावोगाव हिंडून हाडवैद्यकी करीत राहिला.

१८९२ साली मिसूरी संस्थानातील कर्क्सव्हिल या लहानशा गावी त्याने शाळा काढली. पहिल्या वर्गात वीस-एकवीस विद्यार्थी, त्यांत स्त्रियाही. एडिंबरोत शिकलेला एक डॉक्टर शारीर शिकवी. संस्थेच्या सनदेप्रमाणे एम. डी. ही पदवी देता आली असती; स्टिलने ती न देता डी. ओ. अशी वेगळी अक्षरे निवडली. आमच्या मते या इतिहासातील सर्वांत मानी निर्णय हाच, आणि सर्वांत महागातला पडलेलाही हाच.

कारण त्याच सुमारास मुख्य वैद्यकाने आपले दार उंच करावयास घेतले होते. १८९३ साली जॉन्स हॉपकिन्सने वैद्यकाच्या प्रवेशासाठी आधीची पदवी मागितली. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनरचा प्रसिद्ध अहवाल निघाला. त्यात ऑस्टिओपॅथीच्या आठ शाळांचीही त्याने झडती घेतली : विद्यार्थी तेराशेंवर, प्रयोगशाळा दरिद्री, फी मात्र भरपूर. टीका कठोर होती, पण खोटी नव्हती. शाळांनी हळूहळू सुधारणा केली. अभ्यासक्रम १९०५ साली तीन वर्षांचा, १९१६ साली चार वर्षांचा झाला. १९२९ साली औषधशास्त्रही त्यात आले, म्हणजे संस्थापकाने ज्याच्याकडे पाठ फिरविली होती तेच. १९४० पर्यंत प्रवेशाआधी दोन वर्षांचे कॉलेज-शिक्षण आवश्यक ठरले. एवढे करूनही दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकदलात डी. ओ.ला जागा मिळाली नाही. एम. डी. रणभूमीवर गेले, आणि घरी राहिलेल्या रोग्यांना डी. ओ.नी सांभाळले. लोकांनी त्यांची पदवी विचारली नाही, गुण आला की नाही एवढेच पाहिले.

अक्षरांची किंमत किती, याचा हिशेब १९६२ साली कॅलिफोर्नियात झाला. दोन्ही पंथांच्या संघटनांनी तेथे समेट केला आणि दोन हजारांहून अधिक डी. ओ.ना पासष्ट डॉलर फी व थोड्याशा वर्गांच्या मोबदल्यात एम. डी. करून टाकले. लॉस एंजेलिसचे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयही एम. डी.चे झाले, आणि नव्या डी. ओ.ना परवाने देणे बंद पडले. आदल्या दिवशी जो कमी समजला जाई तो दुसऱ्या दिवशी बरोबरीचा ठरला. त्याच्या ज्ञानात मात्र त्या रात्री काय भर पडली असेल ती असो! १९७४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही परवानाबंदी उठविली.

आता सात वर्षांकडे वळू. कॉलेज आणि वैद्यक यांची वर्षे एकमेकांत बसविण्याची कल्पना ऑस्टिओपॅथीवाल्यांची नव्हे. स्पुटनिक उडाल्यानंतरच्या दिवसांत, १९६१ साली, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने हुशार शाळकरी मुलांना थेट निवडून सहा वर्षांत एम. डी. करण्याचा उपक्रम सुरू केला. ऑस्टिओपॅथीला मात्र तसे करणे शक्यच नव्हते. कॅलिफोर्नियाचे महाविद्यालय गेल्यावर त्यांच्यापाशी पाच महाविद्यालये उरली होती, आणि ती सारी एकटी उभी होती. पाठीशी विद्यापीठ नाही, तर जोडावयाचे कशाला? ती अडचण १९७१ साली सुटू लागली. मिशिगनमधील एक नवे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय त्या वर्षी मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारात आले. १९७५ साली ओहायो विद्यापीठाने असे महाविद्यालय स्थापिले, १९७७ साली न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने. बेकरचे दार बंद झाल्याला तोवर जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती.

सात वर्षांच्या योजनेचे गणित सोपे आहे. विद्यार्थी तीन वर्षे कॉलेजात काढतो. वैद्यकाचे पहिले वर्ष हेच कॉलेजचे चौथे वर्ष म्हणून धरले जाते, आणि ते पुरे झाले की विज्ञानाची पदवी मिळते. आणखी तीन वर्षांनी डी. ओ. न्यूयॉर्कच्या वरील संस्थेत अशी योजना आहे. काही ठिकाणी वर्ष वाचत नाही, आठ वर्षेच लागतात. पण जागा आधीच राखून ठेवलेली असते. अर्थात गुण ठराविक पातळीखाली गेले की जागा जाते.

आम्हांला वर्ष वाचण्यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. एम. डी.ला नाकारलेले विद्यार्थी डी. ओ.कडे वळतात, असा टोमणा या पंथाने फार काळ ऐकला. सतराव्या-अठराव्या वर्षीच जो या मार्गाला लागला, त्याला तो टोमणा लागू पडत नाही. मात्र त्या वयात निवड मुलाची किती आणि आईबापांची किती, हा प्रश्न उरतोच. बारावीनंतर थेट एम. बी. बी. एस.ला जाण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला तो चांगलाच परिचित आहे. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांना या योजनांचे जे आकर्षण वाटते, त्याचे मूळही या सवयीत असावे.

आज अमेरिकेतील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे चतुर्थांश डी. ओ.चे आहेत. मणक्यांच्या आणि सांध्यांच्या हस्तचिकित्सेचे सुमारे दोनशे तास ते जादा शिकतात. बाकी अभ्यास, अधिकार आणि परवाने एम. डी.सारखेच. रुग्णालयातील उमेदवारीच्या जागांची मान्यताही २०२० साली एक झाली. परीक्षा मात्र अजून दोन आहेत. डी. ओ.च्या विद्यार्थ्याला स्वतःच्या पंथाची परीक्षा द्यावीच लागते, आणि चांगल्या उमेदवारीच्या आशेने पुष्कळजण एम. डी.वाल्यांचीही देतात. तेव्हा सात वर्षांच्या योजनेतून एक वर्ष वाचविलेला मुलगाही पुष्कळदा त्याच अभ्यासाच्या दोन परीक्षांना बसलेला आढळतो.