अडीच सूत की आठ एमएम? बोल्टाच्या आट्यांचा इतिहास

आजचा एपिसोड एका अगदी छोट्या कामावर आहे. बोल्टाचं टोक चेचलंय, पहिला आटा मुडपलाय आणि नट काही केल्या लागत नाही. भोसरी, चिंचवड, चाकणच्या वर्कशॉपमध्ये हे नेहमीचंच. यावर आता ड्रिलला लावायचं एक डीबरिंग टूल मिळतं. वाटीसारखं तोंड, आत तिरक्या धारा. बोल्टाच्या टोकावर धरून ड्रिल चालवलं की चेचलेला बर निघतो, टोकाला चेंफर येतो आणि नट परत चढतो. काही सेकंदांचं काम. तुम्ही रील्समध्ये बघितलंही असेल.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे मला त्या टूलपेक्षा नटाचं जास्त कौतुक वाटतं. नट एका कारखान्यात बनला, बोल्ट दुसऱ्या. दोघांची गाठ पहिल्यांदा तुमच्या हातात पडली. मग ते एकमेकांत बसतात कसे? कारण आधी कुणीतरी बसून नियम ठरवलेत. आणि आपल्या पट्ट्यात असे नियम एक नाही, दोन आले. बोल्ट खराब होण्यामागे कधीकधी हेच कारण असतं.

आधी थोडं मागे जाऊ. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये प्रत्येक वर्कशॉपचे आटे वेगळे असायचे. एका ठिकाणचा बोल्ट हरवला तर दुसऱ्या ठिकाणचा चालायचा नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरने वेगवेगळ्या वर्कशॉपमधून स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली सगळ्यांसाठी एक पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोल, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे आटे किती हे ठरलेलं. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने वेगळी पद्धत सुचवली. कोन ६० अंश आणि माथा सपाट. त्याचं म्हणणं असं, की साध्या कारागिराला हा आटा बनवायला सोपा.

गंमत बघा. पाव इंच, अडीच सूत, तीन सूत या मापांत दोन्हीकडे इंचामागे आटे सारखेच. पण अर्ध्या इंचाला ब्रिटिश बोल्टावर १२ आणि अमेरिकन बोल्टावर १३! दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांची यंत्रं एकत्र आली तेव्हा हा फरक फार महागात पडला. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एका सामायिक आट्यावर सह्या केल्या.

आता आपल्याकडे या. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, इंग्रज सरकारचा. रेल्वेही इंग्रजांची. यंत्रं तिकडून आली, त्यांच्याबरोबर इंच आला आणि व्हिटवर्थचा आटाही आला. आपल्या कारागिरांनी इंचाचे आठ भाग केले आणि एका भागाला म्हटलं ‘सूत’. अर्धा इंच म्हणजे चार सूत. ५/१६ इंच म्हणजे अडीच सूत. आजही हार्डवेअरच्या दुकानात ‘तीन सुती बोल्ट द्या’ म्हटलं की दुकानदार पुन्हा विचारत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं लागू व्हायला लागली. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहू लागले. आकुर्डीत बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो आले. व्हेस्पा स्कूटर मूळची इटलीची, टेम्पो मूळचा जर्मनीचा, आणि हे दोन्ही देश मेट्रिक. म्हणजे एकाच रस्त्यावर सरकारी कायदा मिलिमीटर म्हणतोय, नवी गाडी मिलिमीटर म्हणतेय आणि शेजारच्या शेडमधला जुना लेथ मात्र इंचात चालतोय.

जुन्या लेथवाल्यांना १२७ हा आकडा पाठ असतो. कारण इंचाच्या लीड स्क्रूवर मिलिमीटरचा आटा अचूक कापायचा तर १२७ दातांचं गिअर लावावं लागतं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट बरोबर १२७. दोन मापांमधला सगळा तह त्या एका गिअरवर टिकलेला!

पण हे गिअर लेथवर असतं, बोल्टांच्या डब्यात नसतं. अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा. एम-आठ बोल्ट ८ मिलिमीटरचा. फरक केसाएवढा, डोळ्यांना दिसणारच नाही. पण एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर, म्हणजे पिच, पहिल्याचा १.४१ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा १.२५. चुकीचा नट एक-दोन फेरे हाताने चढतो आणि मग अडकतो. तिथे माणूस काय करतो? पाना घेतो आणि जोर लावतो. झालं, आटे गेले.

म्हणून टूलची मर्यादा समजून घ्यायला हवी. डाय विशिष्ट मापाची आणि विशिष्ट पिचची असते. चुकीची डाय लावली तर ती अडते, निदान शंका तरी येते. ड्रिलवरच्या टूलला पिच कळत नाही. ते फक्त टोक साफ करतं. टोक हातोडीने चेचलं असेल, तर छान उपाय. पण चुकीच्या नटाने आटे ओरबाडले असतील, तर साफ केलेल्या टोकावरून तोच नट आणखी सहज आत शिरेल आणि पुढचे आटेही खाईल. मधले आटे तर हे टूल दुरुस्त करतच नाही.

जुन्या फिटरांची एक साधी युक्ती होती. बोल्ट हॅक्सॉने कापायच्या आधीच त्यावर नट चढवायचा. कापून झालं, कडा कानसली, की नट उलटा फिरवून काढायचा. निघता निघता तो आटे साफ करतो, आणि नट त्याच बोल्टाचा आहे याची खात्रीही होते.

आजच्या चाकणमध्ये काय बदललं? तिथे बजाजचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ साली. काम मेट्रिकमध्ये चालतं. पण आजूबाजूच्या वर्कशॉपमध्ये जुनी मशीनं, जुने फिक्स्चर, भंगारातून आलेले नट-बोल्ट आहेतच. दोन्ही मापं एकाच डब्यात पडतात.

तर टूल हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी करा. पहिली, पिच गेज लावा. पत्त्यांसारखी पानं असलेलं हे साधन महाग नसतं, आणि इंच की एमएम ते लगेच सांगतं. दुसरी, टोक साफ केल्यावर नट बोटांनी चढवा. किमान तीन-चार फेरे पान्याशिवाय गेला पाहिजे. तिसरी, बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण ८०० न्यूटन ताकद. १०.९ किंवा १२.९ असेल, किंवा बोल्ट ब्रेकचा, स्टिअरिंगचा, क्रेनच्या हुकाचा असेल, तर दुरुस्ती नको. सरळ नवा बोल्ट. तिथे वाचवलेल्या काही रुपयांची किंमत कुणाच्या तरी हातापायाने चुकवावी लागते.

आणि हो, चष्मा लावा. त्या वाटीतून उडणारा कीस बारीक असतो आणि थेट डोळ्यात जातो.

या आठवड्यात तुमच्या घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या जुन्या फिटरला विचारा, सूत सोडून एमएम त्यांनी कधी आणि कसं शिकलं. उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकूया. भेटूच!