मराठवाड्यातील काळी माती आणि कालव्यांचे काठ : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या ग्रामरचनेत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हा भेद जुना आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. नांदेड-लातूर परिसरातील माळवदी घरांच्या छतावर पांढरी माती पसरण्याची रीत होती. काळीत पेरावे आणि पांढरीवर राहावे, या व्यवस्थेमागे मातीच्या स्वभावाची जाण होती असे मानण्यास जागा आहे. विसाव्या शतकातील सिंचन योजनांना मात्र हा विवेक पाळणे शक्य नव्हते. कारण पाणी काळीलाच हवे होते.

मातीचा स्वभाव :
दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे विपुल असतात. ती पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात जमिनीला खोल भेगा पडतात. मृगाचे पाणी या भेगांतून थेट खालच्या थरात उतरते. कोरड्या मातीचे कण शोषणामुळे एकमेकांना घट्ट धरून असतात. ओल येताच ही पकड सुटते. दरवर्षीच्या फुगण्या-आकसण्याने मातीची मूळ घट्ट रचना विस्कळीत होते व तिचे बळ क्रमाने घटते. म्हणूनच उतार खोदल्यावर लगेच ढासळत नाही. काही पावसाळे सोसून मग त्याचा वरचा थर घसरतो.

सिंचनपर्व :
१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर, पैनगंगेवरील इसापूर, मांजरेवरील धनेगाव आणि नांदेडजवळील विष्णुपुरी अशा प्रकल्पांनी या भूभागाचे रूप पालटले. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्याच्या काठाला ऋतुचक्राबरोबर पाणीपाळीचे दुसरे चक्रही सोसावे लागते. पाळी संपून पातळी झपाट्याने उतरली की काठाला पाण्याचा आधार राहत नाही. परंतु मातीत मुरलेले पाणी तेथेच दाब देत राहते. अशा वेळी अस्तर फुटणे व काठ खचणे संभवते.

उपाय :
मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास केला. १९७८ च्या भारतीय भूतंत्र संस्थेच्या वार्षिक व्याख्यानात त्यांनी काळ्या मातीच्या समस्यांचे विवेचन केले. फुगणारी माती आणि अस्तर यांच्यामध्ये न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर द्यावा, हे त्यांच्या पद्धतीचे सार होय. कर्नाटकातील मलप्रभा कालव्यावर ती वापरली गेली. पुढे भारतीय मानक ९४५१ मध्ये फुगणाऱ्या मातीतील कालव्यांच्या अस्तरासाठी मार्गदर्शन सिद्ध झाले. योग्य प्रतीचा मुरूम या थरासाठी उपयोगी पडतो.

समारोप :
काठ खचला की पाण्याची सर्वांत मोठी तूट कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला सोसावी लागते. त्यामुळे मृगापूर्वी भेगा बुजविणे, काठावरील पाणी चरांनी दूर नेणे आणि पाळी संपताना पातळी हळूहळू उतरविणे ही कामे सिंचनातील न्याय्य वाटपाचाच भाग ठरतात. पूर्वजांनी काळी आणि वस्ती यांत अंतर राखले. आधुनिक स्थापत्याने काळी आणि अस्तर यांत मातीचा थर घातला. काळ्या मातीशी थेट भिडू नये, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी समान दिसते.